चालीचा कित्ता

माझ्या चालीबद्दल कुणी चांगलं बोलल्याचं मला आठवत नाही. शाळेत कवायतीच्या मास्तरांनी मला रांगेतून काढून आंब्याखाली बसवलं होतं, कारण माझ्यामुळे मागच्या सगळ्यांचा ठेका चुकत असे. लग्नानंतर पत्नी म्हणायची, "तुमच्याबरोबर संध्याकाळच्या बाजाराला जायचं तर दुपारीच निघायला हवं." तिच्या म्हणण्यात अतिशयोक्ती नव्हती. मी पाऊल पुढे नेतो, जमिनीला लावतो, क्षणभर थांबतो आणि मग त्यावर भार देतो. पायाखाली जमीन आहे की नाही याची खात्री करून घेतल्यासारखा. आणि हे सगळं रस्त्याच्या कडेनं, शक्य तर भिंतीच्या आधारानं.

म्हणून साताऱ्याच्या उपचारकेंद्रात नसीमताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "आबा, आम्हाला तुमचीच चाल लागणार," तेव्हा त्या दुसऱ्या कुणाशी तरी बोलत असाव्यात असं मला वाटलं. मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त भिंत होती.

शाल्मली, माझी नात, तेव्हा तीन वर्षांची होती. ती पोटात असताना ऋतुजाला, म्हणजे माझ्या मुलीला, दोन दिवस बारीक ताप आला होता. पडशाचा असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तो एका विषाणूचा ताप होता. हा विषाणू बहुतेक माणसांच्या अंगात कधी ना कधी येऊन जातो आणि त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. पण गर्भात शिरला तर घडत असलेल्या मेंदूला तो इजा करू शकतो. हल्ली बाळ जन्मलं की लगेच लाळेची तपासणी होते आणि औषध सुरू करता येतं. आमच्या जिल्ह्यात ती सोय शाल्मलीच्या जन्मानंतर आली. तिचा उजवा कान ऐकत नव्हता आणि पाय ताठ होते. उभं धरलं की ते कात्रीसारखे एकमेकांवर चढत.

आमच्या घरात मूल पालथं पडलं, बसलं, रांगलं की गोडाचं काहीतरी करून आळीत वाटण्याची पद्धत आहे. आपल्या पायांनी उंबरा ओलांडला, की करंज्या. शाल्मली उशिरा पालथी पडली, उशिरा बसली. दर वेळी माझ्या विहीणबाई, संजीवनीबाई, कऱ्हाडहून डबा घेऊन वाईला आल्या. करंज्यांचा डबा तेवढा राहिला होता. आणि हाडांच्या डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर ती पायांवर भार घेऊ लागली नाही तर खुब्याचे सांधे निसटत जातील, मग शस्त्रक्रिया, कमरेपासून प्लास्टर, आणि आजवर जे मिळवलं ते बहुतेक पुन्हा पहिल्यापासून.

नसीमताई मुजावर या केंद्रातल्या फिजिओथेरपिस्ट. चाळिशीच्या, बुटक्या, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या. त्यांचं काम पाहणं हा मला त्या वर्षात मिळालेला सर्वांत मोठा आनंद होता. त्या आधी आपले तळहात एकमेकांवर घासून गरम करत. मग शाल्मलीची पोटरी हातात घेऊन नुसत्या धरून ठेवत. ओढत नसत. स्नायू आपणहून सैल पडेपर्यंत त्या तिच्याशी गाढवाबद्दल, आइस्क्रीमबद्दल, आदल्या दिवशी हरवलेल्या चपलेबद्दल बोलत. सैल पडला की घोटा किंचित वर, पुन्हा थांबायचं. मग मोठ्या रबरी चेंडूवर बसवून तोल, मग उभं राहायच्या चौकटीत बांधून समोरच्या दांडीत बांगड्या ओवायचा खेळ. शाल्मली रडली तर त्या थांबत, पण खेळ कधी मोडत नसत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा जमतात ते मला कळलं नाही.

यंत्राची पाळी शेवटी यायची. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. केंद्रात सगळे त्याला कित्ताच म्हणत.

चालायला मेंदू शिकवतो, अशी माझी समजूत होती. तसं नाही. चालीचा ठेका पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत असतोच. मेंदू वरून फक्त निरोप धाडतो: चल, हळू, वळ. शाल्मलीचा निरोप निघत होता, पण वाटेतले धागे विरलेले होते, त्यामुळे खाली पोचेपर्यंत त्याची कुजबुज होई आणि तीही उशिरा येई. कित्त्याचा पट्टा मुलाच्या कमरेला बांधतात. तो कातडीवरूनच अतिशय सौम्य वीज देतो. ती पाय हलवत नाही. ज्या क्षणी निरोप यायला हवा, त्या क्षणी ती मज्जारज्जूला कान टवकारायला लावते, इतकंच. निरोप मुलानंच धाडायचा असतो. त्याला ती इच्छा नसेल तर कित्ता काहीही करू शकत नाही, हे मला फार आवडलं.

तो क्षण कोणता, हे सांगायला मात्र एक चालणारा माणूस लागतो. त्यानं गुडघ्यापर्यंतचे जाळीदार मोजे घालायचे. त्यांतले ठिपके त्याच्या स्नायूंची हालचाल टिपतात आणि पट्ट्याला कळवतात. पुढे मोठं माणूस, मागे मूल. आम्ही लहानपणी पाटीवर मास्तरांच्या अक्षरावरून पेन्सिल फिरवत असू, तसं मूल त्या चालीवरून आपली चाल गिरवतं. साठवून ठेवलेल्या चालीही मिळतात, पण रोज तंतोतंत तीच चाल आली की मज्जारज्जू ऐकेनासा होतो, देवळाशेजारी राहणाऱ्याला घंटा ऐकू येत नाही तसा. जिवंत माणसाचं प्रत्येक पाऊल थोडं निराळं पडतं, म्हणून मज्जारज्जूची जाग टिकते.

कित्ता गिरवला की अक्षराला त्याचं वळण येतं. चालीचंही तसंच होतं. मोठ्या शहरांत याचा बाजार सुरू झाला होता. आईबाप नर्तकाची चाल घ्यावी की धावपटूची, यावर चर्चा करत होते.

ऋतुजा आणि जावई निनाद दोघांनी आधी चालून दाखवलं होतं. दोघांचीही चाल चांगली, तरतरीत. पण शाल्मलीचा निरोप पोचेपर्यंत त्यांचं पाऊल पडून पुढचं उचललेलं असायचं.

"तुम्ही पाऊल टेकवून थांबता ना," नसीमताईंनी मला पडद्यावरची एक सपाट रेघ दाखवली, "ही बघा ती जागा. तेवढ्यात तिचा निरोप येऊन पोचतो."

"पण ती चूक आहे," मी म्हणालो.

"असेल. आम्हाला सोयीची आहे."

ही बातमी संजीवनीबाईंना फोनवर कळली आणि त्या रविवारी त्या थेट आल्याच. जेवायला बसल्यावर वाटीत आमटी वाढून घेत म्हणाल्या, "व्याहीबुवा, राग मानू नका. पण पोरीनं काय जन्मभर भिंत चाचपत चालायचं? माझ्या भाच्याला बोलावू का? पोलीस भरतीत पहिला आला होता. काय चालतो. जमीन हादरते."

"आई, जमीन हादरवायची नाहीये, तिला उभं राहायचंय," निनाद म्हणाला.

"उभी राहीलच रे. पण लोक मागून हसतील ते कोण ऐकणार? आणि मुलीची जात."

ऋतुजा काही बोलली नाही. ती पाचवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनाला मला म्हणाली होती, "बाबा, तुम्ही मागच्या फाटकानं आलात तरी चालेल." मी मागच्या फाटकानं गेलो होतो. मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं, कारण तिचं म्हणणं पटलं होतं. आता तिच्या गप्प राहण्यातही मी तेच वाचलं.

तरी उपचार सुरू झाले. आठवड्यातून तीनदा आम्ही विजेवरच्या एसटीनं साताऱ्याला जात होतो. छतातल्या रुळावरून लोंबणाऱ्या झोळीत शाल्मलीला अडकवत, म्हणजे पडायची भीती नाही. मी पुढे. मला हळू बोलायची सवय, आणि तिला ते ऐकू येत नसे. त्यामुळे आयुष्यात प्रथमच मला चारचौघांत ओरडून बोलावं लागलं. "शालू, निघालो गं." मागून तितक्याच जोरात उत्तर येई, "नीघ."

पहिले काही दिवस तिचे पाय नुसते थरथरले. मग एका मंगळवारी कात्री उघडली. डावा पाय उजव्याच्या पलीकडे न जाता सरळ पुढे गेला, टेकला, थांबला. नसीमताईंनी तोंडावर हात ठेवला. मी इतकी वर्षं ग्रंथालयाच्या नोकरीत काढली, पुस्तकांतून किती तरी शोधांची वर्णनं वाचली, पण विरलेल्या धाग्यातून एक निरोप वाट काढत पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्या दिवसाचं चित्रण ऋतुजानं कऱ्हाडला पाठवलं. संजीवनीबाईंचा लगेच फोन आला. त्या आनंदानं रडत होत्या. रडता रडताच त्यांना हसू फुटलं. "अगं, अगदी आबा. खांदे सुद्धा तसेच. लहानसा आबा चाललाय बघ."

त्यांच्या मनात काही नव्हतं. मला मात्र त्या रात्री नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे कृष्णेच्या घाटावर जाऊ लागलो. तिथे व्यायामाला येणारी तरुण मुलं मी पाहून ठेवली होती. त्यांतल्या एकाची चाल मी उचलली. मान वर, छाती पुढे, टाच टेकली की लगेच भार, लगेच पुढचं पाऊल. पोरीला माझं वळण लागणारच असेल तर निदान ते मी सुधारून द्यावं, एवढाच माझा विचार होता. मी त्याबद्दल कुणाला विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. शुद्धलेखन दुरुस्त करायला कुणी परवानगी मागत नाही. आणि मला जमू लागलं होतं. घाटावरचे एक गृहस्थ म्हणाले सुद्धा, "काय आबा, तरुण झालात." सत्तरीत मिळालेली ही शाबासकी मी घरापर्यंत सांभाळून नेली.

केंद्रात मी नव्या चालीनं चालायला लागलो. शाल्मलीचे पाय पुन्हा आवळले. आधी वाटलं, दमली असेल. मग ती पट्टा पाहिला की रडू लागली. नवरात्र आलं तोवर कात्री पहिल्यासारखी घट्ट झाली होती आणि "नीघ" म्हणणं तिनं सोडून दिलं होतं.

नसीमताईंनी एके दिवशी जुने आणि नवे आलेख शेजारी शेजारी लावले. बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची माझ्याकडे वळवली.

"आबा, ही कुणाची चाल आणलीत?"

मी सांगितलं. घाट, मुलं, मान वर, सगळं. ऋतुजा शाल्मलीला मांडीवर घेऊन तिथेच बसली होती. मला वाटलं नसीमताई रागावतील. त्या गालातल्या गालात हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या.

"चाल छान आहे. पण पोरगी त्यात तुम्हाला शोधतेय आणि तुम्ही सापडत नाही. उद्यापासून मूळची आणा."

हे सोपं असेल असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. पण माझी मूळची चाल मला येईना. मी पाऊल टाकी, टेकवी, आणि आता थांबायचं असं ठरवून थांबे. पडद्यावरची रेघ कधी लांब, कधी तुटकी. आपण जीभ तोंडात कुठे ठेवतो असा विचार केला की ती कुठेच मावत नाही, तसं झालं. मी घरात चाललो, अंगणात चाललो, बाजारातही जाऊन आलो. प्रत्येक पावलाला मी स्वतःकडे पाहत होतो. जी चाल मला आयुष्यभर नको होती, ती आता हवी होती आणि सापडत नव्हती. दिवाळी तोंडावर आली होती.

"मी नालायक आहे," मी एसटीत ऋतुजाला म्हणालो. "संजीवनीबाईंचा भाचा बोलवा."

"तो शिट्टी वाजवून चालतो," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

पुढच्या खेपेला तिच्या खांद्याला एक जड पिशवी होती. केंद्रात पोचल्यावर मी मोजे चढवले, शाल्मलीला झोळीत अडकवलं. ती रडायच्या बेतात होती. ऋतुजानं पिशवीतून माझ्या कपाटातले जुन्या मासिकांचे बांधीव खंड काढले आणि माझ्या हातांवर रचायला सुरुवात केली. एकावर एक, हनुवटीपर्यंत.

"हे काय?"

"धरा."

"अगं, मला पाय दिसत नाहीत."

"तेच हवंय." तिनं वरचा खंड सरळ केला. "शाळा सुटली की मी ग्रंथालयात येऊन बसायचे, आठवतं? तुम्ही शिडीवरून पुस्तकं उतरवायचात. असेच, हनुवटीपर्यंत. पायरी दिसायची नाही. पाय आधी खाली चाचपायचा, पायरी सापडली की मग भार. मी अभ्यास करत नसायचे बाबा. मी तुमच्या पायांकडे बघत बसायचे. दर वेळी वाटायचं, आता पडणार. तुम्ही कधीच पडला नाहीत."

मी खंड हनुवटीखाली नीट सावरून घेतले.

"शालू, निघालो गं," मी मोठ्यानं म्हणालो.

मागून काही आलं नाही. मी निघालो. हात भरून आले होते आणि सगळं लक्ष त्या ओझ्याकडे होतं. जुन्या कागदाचा वास येत होता. कोणता खंड कोणत्या फळीवर जायचा हे मला आपोआप आठवू लागलं. मला ना पडदा दिसत होता, ना माझे पाय, ना ती. खोलीत फक्त छतातल्या रुळाची बारीक कुरकुर होती. मग माझ्या मागे काहीतरी घासलं. टेकलं. थांबलं. आणि फरशीवर भार पडल्याचा तो आवाज आला, अगदी हलका, कुणी पुस्तक मिटावं तसा.

मी पुढचं पाऊल टाकलं. मागे पुन्हा तेच. घासणं, टेकणं, थांबणं, भार.

"चालत राहा, आबा," नसीमताई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "वळू नका. नुसते चालत राहा."

भिंत आली तेव्हा मला थांबावं लागलं. त्या वेळी मागून शाल्मलीचा खणखणीत आवाज आला, "मला पण पुस्तक."

नसीमताईंनी तिच्या हातात चित्रांचं एक पुस्तक दिलं. तिनं ते छातीशी धरलं, माझ्यासारखंच हनुवटी वर करून, आणि म्हणाली, "नीघ."

दिवाळीच्या आधी हाडांच्या डॉक्टरांनी नवे फोटो काढले. सांधे जागेवर होते. शस्त्रक्रिया रद्द झाली नाही. "लांबवू या, वर्षभरानं पुन्हा पाहू," असं ते म्हणाले. अशा मुलांच्या बाबतीत वर्ष ही काही लहान गोष्ट नसते. आधी झोळी सुटली, थंडी सरता सरता पट्टाही सुटला. पायांना आधाराच्या पट्ट्या राहिल्या, त्या अजून आहेत. आणि एक गोष्ट आमच्या कुणाच्या ध्यानात आली नव्हती: शाल्मली मोकळ्या हातांनी चालत नसे. चालणं म्हणजे काहीतरी घेऊन जाणं, अशीच तिची समजूत झाली होती. उशी, तांब्या, चप्पल, काहीही चाले. पण हातात काही दिल्याशिवाय ती जागची हलत नसे. नसीमताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "असू दे की. कामाची होईल."

गुढीपाडव्याला संजीवनीबाई आल्या. या वेळी डब्यात करंज्या होत्या. सकाळी गुढी उभारून झाल्यावर आम्ही अंगणात जमलो. आळीतली चार माणसंही आली. मी नेहमीप्रमाणे कंपाउंडच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. शाल्मली आत, उंबऱ्यापासून थोड्या अंतरावर उभी होती.

"ये गं राणी," संजीवनीबाईंनी हात पसरले.

"हातात दे," शाल्मली म्हणाली.

"काय देऊ?"

तिनं डब्याकडे बोट केलं. संजीवनीबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग ऋतुजाकडे, आणि स्टीलचा तो भला मोठा डबा तिच्या हातांत दिला. डबा तिच्या हनुवटीला लागला. तिला खालचं काही दिसत नव्हतं. ती निघाली. उंबऱ्याशी आली. तिचा डावा पाय वर झाला, उंबऱ्यावरून पलीकडे गेला, खाली चाचपू लागला, टेकला. आणि ती तशीच उभी राहिली, एक पाय घरात, एक बाहेर.

संजीवनीबाई धावल्या. ऋतुजानं त्यांचं मनगट धरलं.

"थांबा, आई. ती थांबलीये. अडलेली नाही."

गुढीवरचं कापड वाऱ्यानं फडफडलं. मग शाल्मलीनं भार पुढच्या पायावर दिला आणि मागचा पाय बाहेर आणला.

"चाल मात्र आजोबांचीच घेतलीस गं बाई," संजीवनीबाई डोळे पुसत म्हणाल्या. तो टोमणा होता की नाही, मी ठरवायला गेलो नाही.

शाल्मली चालत आली. माझंच पाऊल, माझाच थांबा, खांदे सुद्धा माझेच. पण ती अंगणाच्या मधोमध चालत होती, मान वर करून, डावा कान लोकांकडे वळवून, कोण काय म्हणतंय ते ऐकत. अंगणाच्या मध्यावर ती थांबली.

"आबा, घे."

मी भिंतीपाशी उभा होतो. आमच्यात निम्मं अंगण होतं. ती इथवर येईल अशी मी वाट पाहिली. भिंतीकडे यायचं तिला सुचलंच नाही. ती डबा धरून तिथेच उभी राहिली, आणि तिचे हात थरथरायला लागले.

मी भिंत सोडली. पाऊल टाकलं, टेकवलं, थांबलो. सगळे बघत होते.

"नीघ," शाल्मली म्हणाली.